एक बोट, सहा खाती



गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र मी दोनदा वाचले आणि मग टेबलाच्या खणात न ठेवता समोरच ठेवले. पत्र कोल्हापूर जिल्ह्यातील एका भगिनीचे आहे. त्यांच्या अनुमतीने, नावगावाचा उल्लेख टाळून, त्यातील मजकूर आपल्यापुढे मांडतो; कारण त्यांचा प्रश्न आज अनेक घरांत वेगवेगळ्या रूपांनी उभा आहे, पण तो विचारावा कोणाला हेच बहुतेकांना उमगत नाही.

त्यांचे सासरे त्र्याहत्तर वर्षांचे. शासकीय नोकरीतून निवृत्त झालेले, हिशेबाला चोख, वृत्तपत्रातील शब्दकोडे सोडवल्याशिवाय चहाचा दुसरा कप न घेणारे. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. त्यानंतर त्यांचे शब्दकोडेही सुटले आणि संध्याकाळचे फिरणेही. नातवाने त्यांच्या मोबाइलवर शेतीचा एक खेळ घालून दिला. पेरणी करायची, पाणी घालायचे, ठरावीक वेळाने पीक तयार झाले की कापणी करायची आणि शेजारच्या शेतकऱ्याला भेटी पाठवायच्या. हे शेजारी म्हणजे कुठे तरी दूर बसलेले दुसरे खेळाडू. आजोबा रमले. घरातल्यांना बरे वाटले.

पण शेजारी वेळेवर येईनात, भेटी पाठवीनात. तेव्हा आजोबांनी सासूबाईंचा जुना मोबाइल कपाटातून काढला आणि त्यावर आणखी एक खाते उघडले. आपलाच आपल्याला शेजारी! पुढे एक टॅबलेट आला, तिसरे खाते झाले. मग नातवाने संगणकावर एक सॉफ्टवेअर बसवून दिले. पडद्यावर सहा चौकटी, प्रत्येक चौकटीत एक शेत आणि एका चौकटीत कळ दाबली की सहाही शेतांत कापणी. आता आजोबा पहाटे साडेतीनला उठतात. रक्तदाबाची गोळी दोनदा विसरली. सूनबाईंचे पती म्हणतात, ‘बाबांना व्यसन लागले आहे, सगळे एकदम बंद करू.’ नातू म्हणतो, ‘आजोबा कोणाचे काय बिघडवतात?’ आणि सूनबाई विचारतात: हे व्यसन आहे काय? ते सॉफ्टवेअर सुरक्षित आहे काय? आम्ही काय करावे?

पत्राच्या शेवटी, सही करून झाल्यावर, त्यांनी एक ओळ जोडली आहे: ‘ते दुसरे खाते त्यांनी सासूबाईंच्या नावाने उघडले आहे.’

या ओळीकडे आपण परत येऊ. आधी ही सहा चौकटींची भानगड काय आहे ते समजून घेऊ; कारण जे आपल्याला कळत नाही त्याची आपल्याला एक तर भीती वाटते, नाही तर त्याकडे आपण काणाडोळा करतो, आणि शुश्रूषा करणाऱ्याला या दोन्ही गोष्टी परवडत नाहीत.

एका शिट्टीवर अवघा वर्ग

शाळेतील कवायतीचा तास आठवा. सरांनी एक शिट्टी वाजवली की चाळीस मुलांचे हात एकदम वर. बहुखाते सॉफ्टवेअरचे काम नेमके असेच चालते. खेळाची अनेक खाती वेगवेगळ्या खिडक्यांत उघडलेली असतात. खेळाडू एकाच खिडकीत कळ दाबतो. सॉफ्टवेअर त्या कळीची प्रतिकृती करून ती उरलेल्या सर्व खिडक्यांना त्याच क्षणी पोचवते. प्रत्येक खेळाला वाटते की आपल्यासमोर एक स्वतंत्र माणूस बसला आहे. या पद्धतीला जगभरचे खेळाडू ‘मल्टिबॉक्सिंग’ म्हणतात. पूर्वी त्यासाठी खरोखरच अनेक संगणक, म्हणजे अनेक खोकी, शेजारी शेजारी मांडावी लागत. त्यावरून हे नाव पडले. आज संगणकाच्या आत मोबाइलचा आभास निर्माण करणारी साधने सहज मिळतात. अशा सहा आभासी मोबाइलांना एकाच बोटाने चालवण्याची सोयही त्यांपैकी काहींत असते.

ही पद्धत नवी नाही. १९९९ साली ‘एव्हरक्वेस्ट’ नावाचा खेळ आला. त्यातील कठीण मोहिमा एकट्याने पार पडत नसत. सहा जणांचा गट करावा लागे. कोणी लढणारा, कोणी जखमा भरून काढणारा, कोणी मंत्र टाकणारा. २००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये असा गट पाच जणांचा. आता पाच मित्र रोज एकाच वेळी मोकळे कुठून असणार? एकाला रात्रपाळी, दुसऱ्याचे मूल रडते, तिसऱ्याची वीज गेलेली. तेव्हा काही खेळाडूंनी ठरवले की पाचही जण आपणच व्हायचे. या पद्धतीची मूळ गरज, वाचकहो, सोबतीची आहे. सोबत मिळेना किंवा वेळेवर मिळेना, म्हणून माणसाने स्वतःचीच सोबत तयार केली. आपल्या कोल्हापूरच्या आजोबांनी काही वेगळे केले काय?

पुढे याला लोभाचे अंग फुटले. एका कळीत पाच जणांची, दहा जणांची, कधी त्याहूनही अधिक खात्यांची लूट गोळा होऊ लागली. प्रामाणिकपणे एकच खाते खेळणाऱ्याची मेहनत स्वस्त झाली. आइसलँडमधील कंपनीच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळात १ जानेवारी २०१५ पासून अशी कळ-प्रसारणाची साधने निषिद्ध ठरली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या कंपनीने नोव्हेंबर २०२० मध्ये तोच मार्ग पत्करला. यातील बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. या कंपन्यांनी एकापेक्षा अधिक खाती बाळगण्याला बंदी केली नाही. एका कळीने अनेक खाती हलवण्याला केली. स्वतःच्या हाताने एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाल तर जा, पण यंत्राला मध्ये घालू नका, असा त्याचा अर्थ. इतर खेळांचे नियम याहून कडक असू शकतात.

हाच भेद आरोग्याच्या दृष्टीनेही उपयोगी पडतो. आपल्या घरातील ज्येष्ठ व्यक्ती अनेक खाती चालवत असेल, तर पहिला प्रश्न ‘किती?’ हा नसावा, ‘कशी?’ हा असावा. प्रत्येक खाते ती स्वतःच्या हाताने चालवते काय? की एक कळ दाबते आणि यंत्र सहा ठिकाणी ती उमटवते? की कळही दाबत नाही, सारे आपोआप चालते आणि ती केवळ पडद्यापुढे बसून राहते? वरून तिन्ही प्रकार सारखेच दिसतात. शरीराला आणि मनाला मात्र ते सारखे नाहीत.

सायकलीवरचे आजोबा

पहिल्या प्रकाराचे जगप्रसिद्ध उदाहरण तैवानचे आहे. न्यू तैपेई शहरातील चेन सान-युआन हे गृहस्थ पारंपरिक चिनी वास्तुविद्येचे जाणकार. २०१६ साली त्यांच्या नातवाने त्यांना ‘पोकेमॉन गो’ हा खेळ शिकवला. या खेळात घरी बसून भागत नाही. रस्त्यांवरून, बागांतून, देवळांच्या आवारांतून हिंडत आभासी प्राणी पकडावे लागतात. २०१८ साली, वयाच्या सत्तरीत, चेनआजोबांनी आपल्या सायकलीच्या पुढच्या दांड्यावर अकरा मोबाइल पंख्यासारखे मांडले होते. त्यांची छायाचित्रे जगभर छापून आली. पुढे मोबाइलांची संख्या साठाच्याही वर गेल्याचे वृत्त आले. प्रत्येक मोबाइलवर वेगळा खेळ आणि प्रत्येकाच्या पडद्यावर फिरणारे त्यांचेच बोट. या खेळामुळे आपल्याला मित्र मिळाले आणि विस्मरणाचा आजार दूर राहील अशी आशा वाटते, असे ते वार्ताहरांना सांगत.

आजार दूर राहतो की नाही, हे चेनआजोबांच्या आशेवरून ठरत नाही. ‘पोकेमॉन गो’चे नियमही एका व्यक्तीने एकाच खात्यावर खेळावे असे सांगतात, त्यामुळे त्यांचे अनुकरण करा असे मी सुचवणार नाही. चालत्या सायकलीवरून पडद्याकडे पाहणे तर कोणत्याही वयात धोक्याचेच. पण त्यांच्या दिवसात काय होते ते पाहा. उन्हात बाहेर पडणे होते, पायांना व्यायाम होता, थांबून केलेल्या गप्पा होत्या आणि नातवाशी बोलायला रोज एक विषय होता. अकरा मोबाइलांनी त्यांना घरातून बाहेर काढले. आपल्या पत्रातील सहा चौकटींनी आजोबांना खोलीत आणखी आत ओढले. फरक संख्येचा नाही.

मेंदूला व्यायाम कशाने होतो

‘पण खेळाने मेंदू तल्लख राहतो ना?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. त्याचे सावध उत्तर असे.

२०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ६० ते ८५ वयाच्या व्यक्तींना त्यांनी ‘न्यूरोरेसर’ नावाचा, मुद्दाम तयार केलेला खेळ दिला. वळणावळणाच्या रस्त्यावरून मोटार सांभाळायची आणि त्याच वेळी ठरावीक चिन्ह दिसले की तेवढ्यापुरती कळ दाबायची. महिन्याभरात एकूण बारा तास सराव झाला. त्यानंतर या ज्येष्ठांची त्या खेळातील कामगिरी, सराव न केलेल्या विशीतील तरुणांहून सरस झाली आणि सहा महिन्यांनंतरही तो लाभ टिकून होता. एकाग्रता आणि कार्यकारी स्मृतीच्या चाचण्यांतही सुधारणा दिसली.

येथे दोन गोष्टी विसरता कामा नयेत. पहिली, हा खेळ खेळाडूच्या कुवतीप्रमाणे सतत कठीण होत जाई. दुसरी, ज्यांना दोन्ही कामे एकत्र न देता वेगवेगळी दिली, त्यांना असा लाभ झाला नाही. दोन कामांची ओढाताण स्वतः सांभाळणे, हाच तो व्यायाम होता. आता सहा चौकटींचे सॉफ्टवेअर काय करते पाहा: ती ओढाताणच काढून टाकते. आजोबांच्या डोळ्यांपुढे सहा शेते असली तरी त्यांच्या मेंदूपुढे एकच कळ असते, आणि तीही तीच, पुन्हा पुन्हा. कोडे सुटलेले आहे. उरली आहे ती पाळी. शब्दकोड्यातील रिकामे घर भरताना जी धडपड होत असे, तिचा येथे लवलेश नाही.

म्हणून खेळाला औषध समजू नये आणि विषही समजू नये. एखाद्या खेळाने स्मृतिभ्रंश टळतो असे सांगून कोणी काही विकत असेल, तर पैसे खिशातच ठेवा.

हे व्यसन आहे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’, म्हणजे खेळासक्तीचा विकार, समाविष्ट केला आहे. हे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्याची तीन लक्षणे सांगितली आहेत. खेळ केव्हा सुरू करावा, केव्हा थांबवावा यावरचा ताबा सुटणे. जेवण, झोप, नाती, इतर आवडी या सर्वांच्या आधी खेळाला स्थान मिळणे. आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे किंवा वाढणे. यामुळे व्यक्तीच्या जगण्यात ठळक बिघाड झालेला असावा आणि साधारणतः ही स्थिती निदान बारा महिने टिकलेली असावी, असे संघटना म्हणते. केवळ किती तास खेळले यावरून निदान होत नाही, आणि ते करण्याचा अधिकार मुलाचा, सुनेचा किंवा या सदराच्या लेखकाचाही नाही. तो मनोविकारतज्ज्ञांचा आहे.

तरीही बारा महिने वाट पाहत बसावे असे मात्र नाही. ज्येष्ठांच्या बाबतीत काही गोष्टी लगेच लक्ष देण्यासारख्या असतात. मध्यरात्री गजर लावून उठणे. अर्धवट झोपेत, अंधारात संगणकापर्यंत जाणे, कारण पाय अडखळून खुब्याचे हाड मोडायला तेवढे पुरते. गोळ्यांच्या वेळा चुकणे. मधुमेह असताना जेवण पुढे ढकलणे. तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसल्याने पावलांवर येणारी सूज. अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात सतत दुखणे. डोळे कोरडे पडून चुरचुरणे. यांपैकी काही दिसले तर ते खेळाच्या वादात न अडकवता आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगावे.

बहुखाते खेळण्यातील एक खास सापळाही येथे सांगितला पाहिजे. अशा खेळांत प्रत्येक गोष्टीला घड्याळ असते. हे पीक चार तासांनी तयार, ते आठ तासांनी. एका शेताची हाक दिवसातून चार वेळा येते. सहा शेतांची हाक सारखी येत राहते. मग सहाही शेते एका वेळी कापता यावीत म्हणून सॉफ्टवेअर येते. त्याने सवड मिळते, आणि त्या सवडीत सातवे शेत उघडले जाते. हिशेबाला चोख असलेला माणूस या सापळ्यात अधिक सहज अडकतो, कारण पीक वाया जाणे त्याला सोसवत नाही.

दाराची किल्ली

आता दुसरा प्रश्न: ते सॉफ्टवेअर सुरक्षित आहे काय?

अशा साधनांचे काम पाहा, म्हणजे धोका आपोआप कळेल. आपल्या वतीने कळ दाबायची तर त्याला तशी परवानगी लागते. मोबाइलवर अनेक साधने ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ या नावाची परवानगी मागतात. ही सोय मूळची दृष्टी अधू असलेल्यांसाठी, हात थरथरणाऱ्यांसाठी केलेली, फार मोलाची आहे. ती मिळालेले अ‍ॅप पडद्यावरचा मजकूर वाचू शकते आणि आपल्याऐवजी बटणे दाबू शकते. प्रामाणिक साधनाच्या हाती ती आंधळ्याची काठी होते, चोराच्या हाती घराची किल्ली. ज्या मोबाइलवर निवृत्तिवेतनाचे बँक खाते आहे, ज्यावर ओटीपी येतो, त्याच मोबाइलवर कोठून तरी उतरवलेले असे साधन बसवणे म्हणजे तिजोरीच्या खोलीत अनोळखी माणसाला मुक्कामाला ठेवणे होय.

म्हणून पुढील गोष्टी आजच करून घ्या. बँकेचा मोबाइल आणि खेळाचा मोबाइल वेगळे ठेवा. कोणी संदेशातून पाठवलेली फाइल उघडून अ‍ॅप बसवू नका. मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी कोणकोणत्या अ‍ॅपला दिली आहे ते घरातील जाणत्याकडून पाहून घ्या आणि जे ओळखीचे नाही त्याची परवानगी काढा. खेळाच्या खात्याला बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड कदापि ठेवू नका. ‘तुमची खाती विकत घेतो’, ‘अधिक खाती उघडा, रोज पैसे मिळवा’ अशा आमिषांना उत्तर देऊ नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने बंदी घातली आहे, हेही ध्यानात असू द्या. फसवणूक झालीच तर लाज बाळगून गप्प राहू नका. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवा. जितका उशीर होतो तितके पैसे परत मिळणे अवघड होते.

आणखी एक धोका कोणी सांगत नाही. अनेक खेळांच्या नियमांत अशी साधने निषिद्ध असतात, आणि ती वापरल्याचे आढळले तर कंपनी खाते कायमचे बंद करू शकते. तेव्हा खात्यातील सारे जाते. तक्रार कुठे करायची, कोणाकडे दाद मागायची, हे साध्या माणसाला कळत नाही.

आता पत्रातील त्या शेवटच्या ओळीकडे येऊ.

दुसरे शेत कोणाचे?

मी सूनबाईंना उत्तर पाठवले, त्यात लिहिले: काही बंद करण्यापूर्वी एक खुर्ची घेऊन मामंजींच्या शेजारी बसा आणि ‘मला तुमची शेते दाखवा’ एवढेच म्हणा. उपदेश करू नका, घड्याळाकडे पाहू नका. सासूबाईंच्या नावाचे शेत दिसले की त्याच्याविषयी विचारा.

त्या बसल्या. पहिल्या शेतात गहू, मका, भोपळे, सारे बाजारी हिशेबाने. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत त्याचीच नक्कल. दुसऱ्या शेतात मात्र नुसती फुले. ती विकलेली नव्हती, कापलेलीही फारशी नव्हती. ‘तिला फुलांचे वेड होते, पण आपल्या घराला अंगण कुठे होते?’ असे म्हणून मामंजी बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. दोन वर्षांत घरात सासूबाईंचे नाव कोणी काढले नव्हते. बाबांना त्रास होईल म्हणून मुलगा काढत नव्हता, आणि मुलाला त्रास होईल म्हणून बाबा.

वाचकहो, ‘सगळे एकदम बंद करू’ या मुलाच्या वाक्यात काळजीच होती. पण त्या वाक्याने सहा खाती मिटली असती आणि त्यांत हे एकही मिटले असते. काळजी घेणाऱ्याने हात उगारण्यापूर्वी पाहावे ते एवढ्याचसाठी. ज्येष्ठांच्या अतिरेकी वाटणाऱ्या सवयीत पुष्कळदा एक गाभा असतो आणि त्याच्याभोवती वाढलेले तण असते. तण काढायचे असते. पण त्यासाठी गाभा कोणता ते आधी ओळखावे लागते.

आणि आता त्या सॉफ्टवेअरचा विचार करा. ज्या साधनाने चार नकली शेजाऱ्यांची कापणी सोपी केली, त्याच साधनामुळे फुलांचे ते शेतही एके दिवशी कंपनीच्या एका निर्णयाने नाहीसे होऊ शकले असते. ही गोष्ट मामंजींना सांगितली तेव्हा वाद घालावा लागला नाही. ‘मग ते आधी काढा,’ असे ते स्वतःच म्हणाले.

त्यानंतर घराने जे केले ते मी येथे क्रमाने देतो, कारण ते इतर घरांनाही उपयोगी पडेल. नातवाने खेळाचे नियम शांतपणे वाचून काढले. त्या खेळात दुसरे खाते ठेवण्यास हरकत नव्हती, पण स्वयंचलित साधनांना मनाई होती. सॉफ्टवेअर काढले, पासवर्ड बदलले. चार खाती एकेक करून, आठवड्याला एक अशी, मामंजींच्याच हाताने बंद केली. फुलांच्या शेताचे छायाचित्र छापून चौकटीत लावले, म्हणजे यंत्र बिघडले तरी ते राहील. खेळाच्या सूचनांचा आवाज रात्री दहा ते सकाळी सहा बंद केला. लांब मुदतीची पिके रात्रीसाठी ठेवली, म्हणजे ती सकाळी तयार मिळतात. उठावे लागत नाही. गोळ्यांची डबी संगणकाच्या शेजारी आणली आणि ‘आधी गोळी, मग कापणी’ असा नियम झाला. संध्याकाळी चालून आल्याशिवाय संगणक लावायचा नाही, हा नियम मामंजींनी स्वतः घातला. झोप आणि उदासी यांसाठी ते डॉक्टरांनाही भेटले. जोडीदाराच्या निधनानंतर दीर्घकाळ रेंगाळणारी उदासी उपचाराने हलकी होऊ शकते. मन मोकळे करायला घरात कोणी नसेल तर ‘टेली-मानस’चा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे क्रमांक दूरध्वनीच्या शेजारी लिहून ठेवावेत.

दोन हात, एक खेळाडू

जाता जाता, ज्यांच्या घरी पक्षाघाताचा किंवा कंपवाताचा रुग्ण आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. एक माणूस अनेक खाती चालवतो त्याच्या नेमकी उलट सोयही उपलब्ध आहे. ‘एक्सबॉक्स’ या खेळयंत्रात २०१७ साली ‘कोपायलट’ नावाची व्यवस्था आली. तिच्यात दोन माणसांच्या हातांतील दोन नियंत्रक मिळून एकच खेळाडू चालवतात. आजोबांचा उजवा हात साथ देत नसेल, तर डाव्या हाताने दिशा त्यांनी धरायची आणि उडी नातीने मारायची. त्याच कंपनीने २०१८ साली मोठ्या बटणांचा, वेगवेगळ्या कळा जोडता येतील असा नियंत्रकही बाजारात आणला. हे महाग साधन घ्याच असा माझा आग्रह नाही. ही कल्पना मात्र फुकट आहे. कॅरमच्या पटावरही ती चालते: नेम आजीने धरावा, टिचकी नातवाने मारावी. एका माणसाला सहा जणांचे काम करायला लावणाऱ्या यंत्रापेक्षा दोघांना एका डावात बसवणारी युक्ती आजारी माणसाच्या अधिक कामाची असते.

सूनबाईंचे दुसरे पत्र परवा आले. मामंजी आता पहाटे उठत नाहीत. शब्दकोडे अजून सुरू झालेले नाही, पण वृत्तपत्राची घडी उलगडली जाते. त्यांची दोन शेते आहेत, आणि खेळात एक नवा शेजारी आला आहे. सूनबाईंनी स्वतःच्या मोबाइलवर स्वतःचे खाते उघडले आहे. त्यांना ते नीट जमत नाही. स्वयंपाकाच्या गडबडीत कापणी राहून जाते. मग आतल्या खोलीतून हाक येते, ‘सूनबाई, तुझा ऊस वाळतोय!’

त्या लिहितात, भाजीचा गॅस बारीक करून त्या आत जातात.